शिडाचा दिवस

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या विद्यार्थ्यांना पैनगंगेचे पात्र परिचयाचे आहे. समुद्र मात्र बहुतेकांनी भूगोलाच्या पुस्तकातच पाहिलेला असतो. म्हणून होड्यांना यंत्रे बसण्यापूर्वी कोकणातील शिडाच्या होडीचा एक दिवस कसा जात असे, ते येथे पाहू.

अलिबागेच्या उत्तरेस, थळच्या समोर, उंदेरी व खांदेरी ही दोन बेटे आहेत. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाण्याला दोन्हींसाठी वेळ लागतो. रात्री निवलेल्या जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. हिवाळ्यात तांडेल पहाटे त्यांच्याच बळावर शीड उभारून बेटांकडे निघे. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारे वारे येतात. तेच होडीला परत किनाऱ्यास आणीत.

पावसाळ्यात मात्र हा क्रम मोडतो. नैर्ऋत्येचा वारा पाहता पाहता तुफानाचे रूप घेतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट अशाच वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ती तर यंत्रावर चालणारी होती. मग शिडाच्या होडीची काय कथा! म्हणूनच नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची कोळी बांधवांची रीत पडली. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

विद्यार्थ्यांनो, शीड केव्हा उभारावे हे तांडेलास कळावे लागते. ते केव्हा गुंडाळून ठेवावे, हे त्याहूनही अधिक.