मालकापुढे बोलण्याची तयारी

भाताची लावणी आटोपली आणि श्रावणातील सरींमध्ये ऊन पडू लागले, म्हणजे मुरबाड तालुक्यातील वैशाखरे व आसपासच्या पाड्यांवरील कुटुंबांना थोडी उसंत मिळते. याच दिवसांत पुष्कळ घरांच्या पुढील आठ महिन्यांचा सौदा ठरत असतो. खाचरातील भात आणि वरकस जमिनीवरील नाचणी-वरी एवढ्यावर वर्ष निघत नाही. म्हणून काही कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्यासाठी मुकादमाकडून बयाणा घेतात, तर शाळा संपविलेली मुले मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा कल्याणकडे नोकरी पाहू लागतात. मार्ग निराळे असले तरी दोघांनाही एका घटकेला परक्या माणसापुढे उभे राहून आपली बाजू मांडावी लागते. त्या पाच मिनिटांत जे बोलावयाचे राहून जाते, त्याची भरपाई घराला पुढील पावसाळ्यापर्यंत करावी लागते.

बोलणे ही जन्मजात देणगी आहे, असा समज खेड्यात फार रुजलेला आहे. वास्तविक नांगराच्या रुमण्यावर हात जसा सरावाने बसतो, तसाच बोलण्यावरही तो सरावानेच बसतो. सराव कशाचा करावयाचा हे मात्र आधी समजले पाहिजे.

नोकरीसाठी गेलेल्या मुलास साहेब पहिला प्रश्न बहुधा असा विचारतात : ‘तुम्हाला काय काम येते?’ यावर दहांतील आठ मुले नम्रपणे उत्तर देतात, ‘साहेब, काहीही काम करीन.’ मुलास वाटते की यात आपली तयारी दिसली. ऐकणाऱ्यास मात्र त्यातून काहीच कळत नाही. उलट, या मुलाने स्वतःची किंमत ठरविण्याचे काम आपल्यावर सोपविले, एवढे त्याच्या ध्यानात येते. ‘काहीही’ या शब्दाइतका महाग शब्द मजुराच्या तोंडी दुसरा नसेल.

त्याऐवजी तोच मुलगा असे सांगू शकतो : ‘साहेब, मी आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. गावच्या पाणीयोजनेचा पंप मी एक वर्ष चालविला. तो दोन वेळा बंद पडला, तेव्हा वायसर बदलून मीच चालू केला.’ ही तीनच वाक्ये आहेत. त्यांत शिकलेले काय, केलेले काय आणि अडचण आली असता काय केले, हे तिन्ही आले. आयटीआय न केलेल्या मुलाजवळही सांगण्यासारखे असतेच. तीन वर्षे रोज पहाटे उठून दूध टोकावड्यास वेळेवर पोहोचविणारा मुलगा पहिल्या पाळीस वेळेवर येईल, हे कारखान्यातील माणसास पटते. परंतु हे सांगण्याजोगे आहे असे त्या मुलास वाटत नाही. घरचे काम हे काम नव्हे, असे तो समजून चालतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पहिली गाठ सोडवावयाची ती हीच.

बोलण्यात आकडा आला की बोलण्यास वजन येते. वैशाखऱ्याहून चढून जावे लागणाऱ्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे व नाणी यांची संख्या त्यात अंकांनी कोरलेली आहे. ‘पुष्कळ दान केले’ एवढे लिहूनही काम भागले असते; पण राणीला तसे वाटले नाही.

याच बाबतीत जुन्या ठाणे जिल्ह्याचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. २३ मे १९४५ रोजी, त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करणार नाही, आणि दिवसाची मजुरी बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवणार नाही, असे त्यांनी ठरविले. त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, सभेत बोलण्याची सवय तर नव्हतीच. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात मागणी पुढे आली ती अशी : पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये. या वाक्याची घडण पाहावी. काम कोणते, माप किती आणि दाम किती, हे सर्व एका दमात येते. ‘आम्हाला मजुरी वाढवून द्या’ या विनवणीस ‘बघू’ असे म्हणता येते. पाचशे पौंडास अडीच रुपये म्हटल्यावर होय किंवा नाही म्हणावेच लागते. त्या लढ्यास पुढे गोळीबारही सोसावा लागला, तेव्हा नुसत्या शब्दांनी सर्व मिळाले असे कोणी समजू नये. पण गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी निघून गेल्यावरही पाड्यावरचा प्रत्येक माणूस तीच मागणी त्याच शब्दांत सांगू शकत होता, कारण ती पाठ करण्याजोगी होती.

वीटभट्टीच्या सौद्यासही हेच लागू पडते. मुकादम बयाण्याची रक्कम घेऊन दारी येतो, तेव्हा घरात बहुधा आजारपण, लग्न किंवा गणपतीचा सण असतो. हाती पडणाऱ्या नोटांकडे लक्ष जाते आणि प्रश्न विचारावयाचे राहतात. नोटा हाती घेण्यापूर्वी हजार विटांमागे दर काय, हे विचारावे. आठवड्याला खर्ची किती मिळणार आणि बयाणा कोणत्या हिशेबाने फिटणार, हेही विचारावे. याहून एक प्रश्न फार महत्त्वाचा आहे व तो क्वचितच विचारला जातो : अवकाळी पावसाने थापलेल्या कच्च्या विटा भिजून गेल्या, तर ते नुकसान कोणाच्या माथी? मार्च-एप्रिलमधील एका रात्रीच्या पावसाने कुटुंबाची आठवड्याची मेहनत चिखलात जाते, आणि हिशेबाच्या दिवशी बयाणा ‘फिटला नाही’ असे ऐकावे लागते. फिटला नाही म्हणून पुढल्या वर्षीही त्याच भट्टीवर यावे लागेल, असे कोणी म्हटल्यास ते बेकायदेशीर आहे. वेठबिगारीची प्रथा १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे व अशा प्रसंगी जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे दाद मागता येते.

प्रश्न विचारताना आवाज चढविण्याचे कारण नाही. ‘मुकादम, तुमच्या शब्दावर विश्वास आहे; पण माणूस विसरतो, म्हणून दर वहीत लिहून त्याखाली सही करा,’ असे शेजारच्या दोघांच्या देखत म्हणावे. वही आपल्या घरची असावी.

उभे राहण्याची व आवाजाची बाब त्यामानाने सोपी आहे. दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा, टोपी किंवा रुमाल हातात चुरगाळत बसू नये, दूर बसलेल्या एका माणसाकडे पाहून त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलावे. पहिले वाक्य पाठ असावे. ते नीट गेले की छातीतील धडधड पुष्कळशी कमी होते. मोडक्या हिंदीत अडखळण्यापेक्षा आपल्या बोलीत सरळ बोलणे केव्हाही बरे. गाडगे महाराज शाळेत शिकलेले नव्हते. वऱ्हाडी बोलीतच त्यांनी मुंबईपर्यंत कीर्तने केली आणि भल्याभल्यांना ती ऐकावीशी वाटली. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कार्यकर्त्याने त्यांची ही रीत अवश्य उचलावी.

सरावासाठी व्याख्यान नको. संध्याकाळी समाजमंदिरात किंवा एखाद्या पडवीत दहा-बारा जणांनी बसावे. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आज काय काम केले ते चार वाक्यांत सांगावे आणि शेजाऱ्याने तेच पुन्हा सांगून दाखवावे. शेजाऱ्याला सांगता आले नाही, तर पहिल्याचे बोलणे स्पष्ट नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यात आकडे घालावेत. तिसऱ्या दिवशी मुकादमाचे सोंग घ्यावे. हे काम दहा वर्षे भट्टीवर गेलेल्या माणसास द्यावे, कारण मुकादम कोठे हसून विषय बदलतो ते त्याला पक्के ठाऊक असते. हशा पिकतो, तो पिकू द्यावा. नोकरीस जाणाऱ्या मुलांसाठी शाळेतील गुरुजींनी साहेबाचे काम करावे. मात्र त्यांनी मुलाच्या उच्चारांत चुका काढीत बसू नये. पंधरा ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा भरते, तेव्हा भट्टीवर जाणारी कुटुंबे गावातच असतात. तेथे रस्ता, पाणी किंवा रेशन यांपैकी एका विषयावर प्रत्येकाने एक तरी प्रश्न उभे राहून विचारावा. मे महिन्यातील सभेच्या वेळी यांतील बरीच माणसे गावाबाहेर असतात, हे ध्यानात ठेवावे.

या बैठकांत स्त्रिया मागे बसतात व कार्यकर्ताही त्यांना तेथेच राहू देतो. ही मोठी चूक होय. भट्टीवर मजूर धरला जातो तो एकेकटा नव्हे, नवरा-बायकोची जोडी म्हणून. माती कालविण्यात व विटा वाहण्यात तिचे कष्ट निम्मे असतात, पण बयाणा नवऱ्याच्या हाती पडतो आणि दर किती ठरला हे तिला अनेकदा हंगाम संपताना कळते. म्हणून मुकादमाच्या सोंगापुढे जोडीने उभे करावे, आणि भिजलेल्या विटांचा प्रश्न बाईंनी विचारावा. पहिल्या खेपेस बाई पदर तोंडाशी धरून नवऱ्याकडे पाहतील. त्या वेळी कार्यकर्त्याने घाई करू नये. थोडा वेळ सर्वांनी गप्प बसावे.

शेवटच्या बैठकीस प्रत्येकाने आपली वही आणावी. तिच्या पहिल्या पानावर दर, बयाणा, खर्ची व पावसाच्या नुकसानीची अट यांसाठी जागा आखून ठेवावी. ज्यांच्याकडे वही नसेल त्यांच्यासाठी, मुकादम गावात येण्यापूर्वी आणखी एक बैठक घ्यावी.