वाजंत्री आणि वादक : लुई आर्मस्ट्राँगच्या बालपणातून एक अभ्यास

आपल्या वसतिगृहाचे बँड पथक १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मिरवणुकीच्या अग्रभागी चालते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. या पथकात ज्यांनी एके काळी ढोल वाहिला ते आज शाळांत, बँकांत, शासकीय सेवेत आहेत. परंतु पथक सुरू करण्याचा विचार पालकसभेत प्रथम मांडला गेला, तेव्हा एक वृद्ध पालक उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माह्या बापानं डफडं सोडलं म्हणून गावानं आमचं पाणी बंद केलं होतं. अन् तुम्ही माह्या नातवाच्या गळ्यात ढोल अडकवता?"

सभा निःशब्द झाली. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. शिस्त, कवायत, व्यक्तिमत्त्वाचा विकास असे काही पुस्तकी उत्तर आम्ही दिले. ते गृहस्थ ऐकून घेऊन खाली बसले. त्यांचे समाधान झाले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे फार उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रश्न रास्त होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गावकीच्या व्यवस्थेत वाजविणे ही कला नव्हती, ते नेमून दिलेले काम होते. पाटलाघरचे लग्न असो, गावदेवाची यात्रा असो, कोणाची मयत असो वा दवंडी असो, बोलावणे आले की जावयाचे आणि थांब म्हणेपर्यंत वाजवावयाचे. मोबदला म्हणून उष्टे अन्न, धान्याच्या चार ओंजळी. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वराती वाजविल्या, त्यांच्या स्वतःच्या वरातीला मात्र कित्येक गावांत चावडीपुढून वाजत जाण्याची मुभा नव्हती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या अनेक माणसांनी हे काम सोडले आणि त्यापायी बहिष्कार सोसला. डफडे टाकणे हे त्यांचे स्वाभिमानाचे पहिले पाऊल होते. ज्या घराने त्याची किंमत मोजली, त्या घरातील आजोबांना नातवाच्या गळ्यातील ढोल पाहून काय वाटले असेल, हे वसतिगृहाच्या माहितीपत्रकातील भाषेने कळणारे नव्हते.

या प्रश्नाचा माग काढीत आम्ही इतिहासात जे काही वाचले, त्यात एका मुलाची हकीकत आम्हांला सर्वांत जवळची वाटली. तो मुलगा आपल्या देशातला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरातील एका सुधारगृहात तो बँड वाजवावयास शिकला. पुढे जगाने त्याला लुई आर्मस्ट्राँग या नावाने ओळखले.

न्यू ऑर्लिन्स हे लुइझियाना राज्यातील मिसिसिपी नदीकाठचे बंदर. गुलामगिरीच्या काळात तेथील काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात कृष्णवर्णीय गुलाम रविवारी जमत आणि आफ्रिकेतून आणलेल्या तालांवर नाचत-वाजवीत. गुलामगिरी संपली तरी भेद संपला नाही. होमर प्लेसी या गृहस्थांना गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल १८९२ मध्ये अटक झाली ती याच शहरातून सुटणाऱ्या आगगाडीत. त्या खटल्यात १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. शाळा, डबे, नळ, दवाखाने सारे वेगळे झाले. समान काहीच नव्हते.

अशा शहरात कृष्णवर्णीयांनी आपल्या परस्परसाहाय्यक मंडळ्या उभारल्या. सभासदाने ठरावीक वर्गणी भरावयाची. आजारपणात औषधपाणी आणि मृत्यूनंतर सन्मानाची अंत्ययात्रा मंडळीने पाहावयाची. बौद्धजन पंचायतीच्या वर्गणीचे पुस्तक ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना ही रचना परकी वाटू नये. त्या अंत्ययात्रेत पितळी वाद्यांचा बँड असे. स्मशानाकडे जाताना ढोलाचा आवाज दाबलेला, चाल अत्यंत संथ. दफन झाल्यावर काही अंतर चालून गेले की ढोलवाला तारा ताणून घेई आणि बँड एकदम उडत्या चालीवर येई. मागून वस्तीतील पोरे नाचत चालत. या मागच्या गर्दीला तेथे 'सेकंड लाइन' म्हणतात. शहरातील कित्येक वादकांची पहिली शाळा हीच. पैसा न देता, वर्गात न बसता, बँडच्या मागे चालत कान तयार होत.

४ ऑगस्ट १९०१ रोजी अशाच एका दरिद्री वस्तीत लुईचा जन्म झाला. स्वतः तो आयुष्यभर ४ जुलै १९०० ही तारीख सांगत असे. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडली. (शाळेच्या दाखल्यावर ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लागलेली आहे, असे आमचे अनेक माजी विद्यार्थी येथे हसतील.) वडील घर सोडून गेलेले, आई मेअ‍ॅन मिळेल ते काम करणारी. लिथुआनियाहून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या व कोळशाच्या गाडीवर लुई लहानपणी काम करी आणि गिऱ्हाइकांना कळावे म्हणून पत्र्याचा भोंगा फुंकी. संध्याकाळी तीन मित्रांसह चौघांचा ताफा करून रस्त्यांवर गाणे म्हणे आणि पडतील ती नाणी वाटून घेई.

३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री नववर्षाच्या जल्लोषात त्याने घरातले पिस्तूल हवेत झाडले. पोलिसांनी जागीच पकडले आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १९१३ रोजी, न्यायालयाने त्याला 'कलर्ड वेफ्स होम फॉर बॉइज' या कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात धाडले. वय पुरते साडेअकरा नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, तसा जोडण्याचा आमचा हेतूही नाही. तथापि वर्गात इतिहास शिकविताना एकाच वर्षाच्या रकान्यात या दोन नोंदी शेजारी मांडल्या की मुले सावरून बसतात, हा आमचा अनुभव आहे.

सुधारगृह म्हणजे आपले वसतिगृह नव्हे. तेथे मुले शिक्षा म्हणून येत. प्रमुख जोसेफ जोन्स हे माजी सैनिक होते. लाकडी बंदुका घेऊन कवायत, घासलेल्या फरश्या, बहुतेक दिवस शेंगांच्या दाण्यांचे जेवण. पहिले काही दिवस लुईने अन्नाला हात लावला नाही. नव्या मुलाचे पहिले आठ दिवस कसे जातात, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

बँडचे शिक्षक होते पीटर डेव्हिस. लुई कोणत्या वस्तीतून आला हे कळताच त्यांनी त्याला वाईट मुलांत जमा केले आणि दीर्घकाळ बँडच्या खोलीपासून दूर ठेवले. एक शिक्षक म्हणून हे वाचताना आम्हांला लाज वाटली; मुलाच्या गावाचे नाव ऐकून मत बनविण्याची चूक आमच्याकडूनही झालेली आहे. मुलाची वागणूक पाहून डेव्हिस निवळले आणि त्यांनी त्याच्या हातात प्रथम खंजिरी दिली. मग ढोल. मग आल्टो हॉर्न.

आल्टो हॉर्न हे पितळी वाद्य मुख्य चाल वाजवीत नाही. चालीखालचा आधाराचा सूर धरते. हौशी मुलाला अशा वाद्याचा कंटाळा येतो. लुईला आला नाही. रस्त्यावरच्या चौघांच्या गाण्यात दुसऱ्याच्या आवाजाखाली आपला आवाज कसा बसवावयाचा हे तो आधीच शिकला होता, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. आमच्या मते त्याच्या शिक्षणातील ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. बँडमध्ये वाजविता येणे म्हणजे प्रथम ऐकता येणे. आमच्या पथकातही जो मुलगा शेजारच्याचा ढोल ऐकत नाही, त्याचे हात कितीही जलद असोत, तो मिरवणुकीच्या वळणावर ताल चुकतो.

पुढे त्याच्याकडे बिगूल आला. सकाळी उठण्याचा, जेवणाचा, निजण्याचा इशारा बिगुलावर होई. हिरवट काळवंडलेला तो बिगूल लुईने घासून चकचकीत केला. बिगुलाला कळा नसतात. जे मोजके स्वर निघतात ते केवळ ओठांचा ताण आणि श्वास यांच्या जोरावर. त्यानंतर तीन कळांचे कॉर्नेट हाती आले, तेव्हा ओठ तयार होतेच. काही काळाने डेव्हिसनी त्याला बँडचा प्रमुख नेमले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला थोडे थांबावे लागते. १९५४ मधील आत्मचरित्रानुसार कॉर्नेट त्याला सुधारगृहात मिळाले. १९६९ मध्ये रुग्णालयात असताना लिहिलेल्या आठवणींत मात्र तो सांगतो की, कार्नोफ्स्की कुटुंबाने दिलेल्या उचलीवर त्याने गहाणाच्या दुकानातून पाच डॉलरचे कॉर्नेट त्याआधीच घेतले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. वाद्य हाती येणे एक आणि वाजविण्याची रीत शिकणे दुसरे. दुसरी गोष्ट सुधारगृहात घडली, याविषयी आम्हांला शंका नाही.

मग तो दिवस आला. मुलांचा बँड शहरात संचलनाला निघे. एकदा तो लुईच्याच वस्तीतून गेला. लांब पांढऱ्या विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, निळे कोट, काळे मोजे. प्रमुख म्हणून लुईचा पोशाख निराळा, क्रीम रंगाचा. ज्या गल्लीने त्याला पोलिसांबरोबर जाताना पाहिले होते, तीच गल्ली धावत बाहेर आली. कोणी जाऊन झोपलेल्या आईला उठविले. जुगारी, हमाल, बदनाम घरांतील स्त्रिया, साऱ्यांनी डेव्हिसना विचारून मुलांना पैसे दिले. टोप्या नाण्यांनी भरल्या. त्या रकमेतून संस्थेला नवे गणवेश आणि नवी वाद्ये घेता आली, असे त्याने लिहून ठेवले आहे.

त्या वृद्ध पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला या प्रसंगात सापडते. नाणी येथेही पडली, डफडे वाजविणाऱ्यापुढेही पडत. फरक असा की, ही गल्ली त्या मुलांची मालक नव्हती. तिने आपल्याच पोराकडे पाहून खिसा रिकामा केला. आणि पैसा कोणा वतनदाराच्या मेहेरबानीने हातात न पडता शिक्षकाच्या संमतीने, सर्वांच्या वाद्यांसाठी जमा झाला.

आपल्याकडेही हा फरक आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखला होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले ते तमाशाच्याच ढोलकीवर. ढोलकी तीच राहिली, बोलावणारा बदलला आणि सांगावयाची गोष्ट बदलली. स्वतः बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिनचे धडे घेतले. वाद्याविषयी त्यांच्या मनात तिटकारा नव्हता, सक्तीविषयी होता.

जून १९१४ मध्ये लुई सुटला. पुढील वर्षे कष्टाची आहेत. दिवसा खेचराच्या गाडीवरून कोळसा पोहोचवावयाचा, रात्री गुत्त्यांत वाजवावयाचे. जो ऑलिव्हर या नामवंत कॉर्नेटवादकाने त्याला शिकविले, आपले जुने कॉर्नेटही दिले. नंतर नदीतील जहाजांवरील बँडमध्ये त्याचे स्वरलिपीचे वाचन पक्के झाले. १९२२ मध्ये ऑलिव्हरने त्याला शिकागोला बोलाविले ते दुसरा कॉर्नेटवादक म्हणून. पुन्हा आधाराचाच सूर. १९२५ पासून स्वतःच्या पथकासह त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांनी जाझ संगीताची दिशा बदलली. त्याचे पडसाद मुंबईपर्यंत आले. गोव्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट, यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत, सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा वाटा आहे.

कीर्ती मिळाल्यावरही कोठे वाजवावयाचे हा प्रश्न त्याला सुटला नाही. १९३१ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला परतला तेव्हा आकाशवाणीवरील गोऱ्या निवेदकाने कृष्णवर्णीय माणसाची ओळख करून देण्याचे नाकारले. त्याने स्वतःच ध्वनिक्षेपकापुढे जाऊन कार्यक्रम सुरू केला. त्याच मुक्कामात तो सुधारगृहात जाऊन पीटर डेव्हिसना भेटला. गोऱ्या प्रेक्षकांपुढे तो फार हसतो, अशी टीका त्याच्यावर तरुण कृष्णवर्णीय कलावंतांनी केली आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण १९५६ मध्ये लुइझियानाने गोऱ्या व कृष्णवर्णीयांच्या एकत्र वादनावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा मिश्र पथक घेऊन फिरणाऱ्या आर्मस्ट्राँगने जन्मगावी वाजविणे बंद केले. तो परतला १९६५ मध्ये. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाऊ दिले जात नव्हते, त्या वेळी त्याने सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत रशियाचा दौरा नाकारला. ज्याला वाजविण्यास नकार देता येतो तो वादक. ज्याला देता येत नाही तो वाजंत्री. हा भेद त्या आजोबांच्या वडिलांनी डफडे खाली ठेवले त्या दिवशीच केला होता. आम्हांला तो शिकागो आणि लिटल रॉक फिरून आल्यावर समजला.

सुधारगृहाच्या बँडचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. वाद्ये घेतलेली मुले रांगांत बसली आहेत. पुस्तकांत ते छापताना वरच्या रांगेतील एका चेहऱ्याभोवती बहुधा खूण केलेली असते. शेजारच्या मुलांकडे फारसे कोणी पाहत नाही.

आपल्या बँड पथकाची जुनी छायाचित्रे आम्ही शाळेच्या ग्रंथालयातील लोखंडी कपाटात जमा केली आहेत. बऱ्याच छायाचित्रांतील मुलांची नावे आम्हांलाही आता आठवत नाहीत. माजी विद्यार्थ्यांनी स्नेहमेळाव्यास येतील तेव्हा ती पाहावीत, आणि ओळखता येतील तितकी नावे, गाव आणि वाजवीत असलेले वाद्य यांसह, मागील बाजूस पेन्सिलीने लिहावीत.