देश, काळ, पात्र : सेवेला निघण्याआधीची तयारी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितलेत. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता आणि योग्य देश, काळ, पात्र पाहून दिलेलं ते सात्त्विक. फेडीच्या किंवा फळाच्या आशेनं, नाहीतर मनात कुरकुरत दिलेलं ते राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी आणि घेणाऱ्याचा मान न राखता दिलेलं ते तामस.

दान म्हटलं की आपल्यासमोर पैसा किंवा धान्य येतं. पण आपला वेळ आणि आपली विद्या देणं हेही दानच. या उन्हाळ्यात मी सहा आठवड्यांसाठी नेपाळला जातोय. डोंगरातल्या एका शाळेत जुने कॉम्प्युटर चालू करून द्यायचे आणि तिथल्या शिक्षकांना ते शिकवायचे, एवढंच काम. बॅग भरता भरता हेच श्लोक रोज वाचतोय, म्हणून आज त्यावरच लिहितो.

पहिला शब्द 'देश'. इथे देश म्हणजे राष्ट्र नव्हे, जागा. आमच्या आईनं मला हाच प्रश्न तिच्या भाषेत विचारला, "इथं लेकरं कमी हाईत का रं, तिकडं कशाला चाललास?" प्रश्न रास्त आहे. आमचं तेलगाव धारूर तालुक्यातलं, साखर कारखान्याचं गाव. कारखाना दारात आहे, तरी या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रॅक्टरमध्ये पालाचं सामान, भांडी, पीठ आणि लेकरं. त्यांचं घर सोडणं पोटासाठी असतं, माझं आवडीनं आहे. हा फरक विसरून मी 'सेवेला चाललो' म्हणून मिरवलो, तर ते दान राजसच व्हायचं.

मग आईला उत्तर काय? ते दुसऱ्या शब्दात सापडलं, 'काळ'. एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्ट्या. नेपाळात मात्र नवं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. तिकडे वर्ग भरलेले असतात तेव्हा इकडे शाळेला कुलूप असतं. आणि आपल्या लेकरांची खरी गरज दिवाळीनंतर असते. आईबाप तोडीला गेले की मागे आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. त्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायचं, असं मी आईसमोर ठरवलंय आणि वहीत तारखेसह लिहूनही ठेवलंय. गावाचं देणं बाकी ठेवून परगावी दानशूर होण्यात अर्थ नाही.

तिसरा शब्द 'पात्र'. यावर मला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं. चिनी सेनापती चू-तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीनं पाठवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता, गरीब होता. 'इथं रोगी कमी आहेत का?' हे त्यांनाही विचारता आलं असतंच. पण तिथून मागणी आली होती, गरज आत्ताची होती आणि ती भागवणारी विद्या यांच्या हातात होती. देश, काळ, पात्र, तिन्ही जुळलं.

पुढचं वाचताना मी थांबतो ते एका गोष्टीपाशी. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. वडील गेल्याची बातमीही त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते काम सोडून परतले नाहीत. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला, ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. पाचांपैकी परत न आलेले ते एकटेच. घेणाऱ्याची भाषा शिकणं म्हणजे त्याचा मान राखणं, आणि बाविसाव्या श्लोकातला तामस दानाचा दोष नेमका तिथेच टळतो.

माझे सहा आठवडे म्हणजे त्यांच्यापुढे काहीच नाही. पण तयारीची दिशा तीच ठेवलीये. नेपाळी आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात, त्यामुळे पाटी वाचता येते आणि समजलं असं वाटतं. समजलेलं नसतं! म्हणून रोज अर्धा तास नेपाळी शिकतोय. शाळेला आधी विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी नवे लॅपटॉप मागितले नाहीत. जुने दुरुस्त करता येतील असा माणूस मागितला. म्हणून बॅगेत भेटवस्तू कमी, आणि पेचकस, केबल, हार्ड डिस्क जास्त.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. माझ्या वयाच्या माणसाचं तिथे आधार कार्डावर भागत नाही.

आणि घरची तयारी ही सगळ्यात आधीची. आईच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवल्या. बोअरच्या मोटारीचं चुलतभावाला दाखवून दिलं. फोनची वेळ ठरवली. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, म्हणून आपल्या आठला माझे सव्वाआठ. अक्षय तृतीयेला पितरांचं जेवण झालं की निघायचं आणि मृग लागायच्या आत, पेरणीला हजर व्हायचं. माझ्या दानाचा भार आईनं उचलावा आणि पुण्य मी घ्यावं, हा हिशेब देवाच्या दरबारात चालत नाही.

आजचा स्वाध्याय : तुम्हीही कुठे सेवेला निघाला असाल, परदेशी किंवा शेजारच्या गल्लीत, तर तीन प्रश्न वहीत लिहा. तिथून मागणी आलीये का? ही वेळ त्यांच्या सोयीची आहे की माझ्या सुट्टीची? मी निघाल्यावर घरात कोणाचं काम वाढणार आहे? तिसऱ्या उत्तरात ज्याचं नाव येईल, त्याच्याशी आजच बोला.

पांडुरंगा, हात देणारे ठेव, पण दिल्याची आठवण हातांना राहू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.