तीन शहरांचा त्रिकोण

लातूर, नांदेड आणि परभणी ही मराठवाड्यातील तीन शहरे. त्यांना जोडणारे रस्ते वाटेतील खेड्यांना आणि ओढ्यानाल्यांना वळसे घालीत जातात. त्यांच्या लांबीवरून शहरांमधील सरळ अंतर कळत नाही. विजेच्या तारा ओढणाऱ्या अभियंत्यास मात्र सरळ अंतर आधी ठाऊक असावे लागते. ते कागदावर काढता येते.

लातूर हा आरंभबिंदू मानावा. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला असता नांदेड तेथून पूर्वेस सुमारे ७८ व उत्तरेस ८३ किलोमीटर येते. परभणी पूर्वेस अवघे २०, पण उत्तरेस ९६. म्हणून लातूरचे निर्देशक (०, ०), नांदेडचे (७८, ८३) व परभणीचे (२०, ९६) होत.

आधी ७८ किलोमीटर थेट पूर्वेस आणि मग ८३ थेट उत्तरेस जाणारा प्रवासी १६१ किलोमीटर चालून नांदेडास पोहोचेल. या दोन वाटा काटकोनात मिळतात, तेव्हा सरळ वाट हा कर्ण झाला. भुज, कोटी आणि कर्ण यांचे हे नाते भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’तही आहे. ७८ चा वर्ग ६०८४, ८३ चा ६८८९, बेरीज १२९७३. तिचे वर्गमूळ सुमारे ११४. त्याच रीतीने लातूर ते परभणी ९८ येते.

तिसरी बाजू काढताना पुष्कळ विद्यार्थी घसरतात. नांदेड आणि परभणी यांपैकी एकही आरंभबिंदूवर नाही. येथे निर्देशकांची वजाबाकी आधी हवी. ७८ उणे २० म्हणजे ५८. ८३ उणे ९६ म्हणजे उणे १३. उणे चिन्ह पाहून बिचकण्याचे कारण नाही, वर्ग करताच ते नाहीसे होते. ३३६४ व १६९ यांची बेरीज ३५३३, वर्गमूळ सुमारे ५९. यावरून त्रिकोणाची परिमिती ११४ + ९८ + ५९, म्हणजे सुमारे २७१ किलोमीटर.

पृथ्वी गोल असली तरी एवढ्या लहान प्रदेशात ती सपाट मानल्याने फारशी चूक होत नाही.

असे बिनचूक नकाशे सहजासहजी हाती आलेले नाहीत. १८१५ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी लातूरच्या आग्नेयेस असलेल्या बिदरजवळ एक पायारेषा पोलादी साखळीने मोजली. त्यांची रीत उलट होती : एक बाजू जमिनीवर मोजावयाची, कोन दुर्बिणीच्या यंत्राने घ्यावयाचे आणि उरलेल्या बाजू गणिताने काढावयाच्या. एका त्रिकोणाची बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होई. अशी त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेत असता १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचविली.