पेत्रुक बोलला, मी नाही!

गेल्या गॅदरिंगला आमच्या नाटिकेतली मेसवरची चार वाक्यं स्क्रिप्ट तपासताना उडवली गेली. कागदावर होती, म्हणून सापडली! तेव्हापासून मला जावाच्या दलांगचा हेवा वाटतो. (आपली प्रोग्रॅमिंगवाली जावा नव्हे, इंडोनेशियातलं बेट.)

मित्रांनो, कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. जावामधला 'वायांग कुलित' त्याच जातकुळीतला. म्हशीच्या कातड्याच्या नक्षीदार बाहुल्या, पांढरा पडदा, एक दिवा. बाहुली दिव्याजवळ नेली की सावली मोठी. समरूप त्रिकोण, दुसरं काय! दलांग हा सूत्रधार एकटाच सगळ्या बाहुल्या नाचवतो, सगळ्यांचे आवाज काढतो, तेही रात्रभर.

गोष्ट बरेचदा महाभारतातली असते. पण तिच्यात व्यासांना ठाऊक नसलेले चौघे आहेत: सेमार, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग. हे पांडवांचे नोकर. राजे दरबारी भाषेत बोलतात, हे गावच्या. मध्यरात्रीच्या सुमारास यांचा प्रवेश आला की कथा बाजूला राहते आणि महागाई, लाचखाऊ साहेब, सगळं निघतं. संवाद आयत्या वेळचे. तपासणारा लाल रेघ मारणार कशावर? शिवाय बोलला तो पेत्रुक, दलांग नव्हे.

राज्यकर्त्यांनाही हे कळत होतं. १९४७ मध्ये डचांशी लढा चालू असताना नव्या प्रजासत्ताकाने प्रचारासाठी 'वायांग सुलुह' काढला. त्यात पांडवांच्या जागी त्या काळचे पुढारी आणि सैनिक होते. पुढे १९६५-६६ च्या कत्तलीत डाव्या संघटनांशी संबंध असलेले अनेक दलांग मारले गेले, अनेक तुरुंगात गेले. सुहार्तोंच्या राजवटीने मग दलांगांना कुटुंबनियोजनाच्या आणि पंचवार्षिक योजनेच्या प्रचाराला जुंपलं. आणि कळस म्हणजे, ११ मार्च १९६६ च्या ज्या आदेशपत्राने सुकार्नोंची सत्ता सुहार्तोंकडे सरकली, त्याचं लघुनाम झालं 'सुपरसेमार'. विदूषकच पळवला की!

तरी एक जुनी गोष्ट कुणाला पळवता आली नाही. 'पेत्रुक राजा होतो' तिचं नाव. नोकर गादीवर बसतो आणि माजतो. दलांगने कुणाचं नाव घ्यायची गरजच नाही, पडद्यासमोरचे लोक मनातल्या मनात घेतात. सुहार्तो मे १९९८ मध्ये पायउतार झाले. पेत्रुक अजून पडद्यावर आहे.

यंदाच्या नाटिकेत एक बाहुली घालायचं आमचं चाललंय. तिचे संवाद मी लिहून देणार नाही.