शिक्षक कसा घडतो?



तुमच्या वर्गात कधीतरी थोड्या दिवसांसाठी नवे शिक्षक आले असतील. हातात गुंडाळलेले तक्ते, काखेत वही आणि चेहऱ्यावर थोडी धास्ती. ते शिकवू लागतात आणि मागच्या बाकावर त्यांचे प्राध्यापक टिपणे घेत बसतात. हे नवे शिक्षक म्हणजे छात्राध्यापक. शब्द लांबलचक आहे, पण त्याची फोड केली की सोपा होतो : छात्र + अध्यापक. छात्र म्हणजे विद्यार्थी. शिकवणारा आणि शिकणारा असा दोन्ही एकाच वेळी असलेला माणूस.

त्यांच्या हातातील वहीत पाठाचे टाचण असते. सुरुवातीला कोणता प्रश्न विचारायचा, मुले कोणते उत्तर देतील, फळ्यावर काय लिहायचे, गृहपाठ कोणता द्यायचा, हे सर्व त्यात आधीच लिहिलेले असते. मुले मात्र टाचणात लिहिलेले उत्तर क्वचितच देतात! मग छात्राध्यापक गोंधळतात, वर्गात हशा पिकतो. तुम्हीही हसला असाल. पण याच क्षणी त्यांचे खरे शिक्षण सुरू होते.

वर्गात येण्यापूर्वी त्यांनी महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापन केलेले असते. सूक्ष्म म्हणजे अगदी लहान. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, जसे प्रश्न विचारणे किंवा फळ्यावर लिहिणे. शिकवायचे फक्त ६ मिनिटे. बरोबरीचे मित्रच विद्यार्थी होऊन बसतात. नंतर ६ मिनिटे ते व प्राध्यापक चुका सांगतात. १२ मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा, ६ मिनिटे पुन्हा शिकवायचा आणि ६ मिनिटे पुन्हा ऐकून घ्यायचे. असे ३६ मिनिटांचे एक चक्र पूर्ण होते. मोठ्या माणसाला मित्रांसमोर आपल्या चुका ऐकणे सोपे जात नाही, पण त्यावाचून गत्यंतर नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? ज्याला मराठी येते, त्याला मराठी शिकवता येणारच, असे पुष्कळांना वाटते. आपल्या उर्दू शाळेतलेच उदाहरण घेऊ. गुरुजी तिसरीतल्या मुलाला म्हणतात, “वही खाली ठेव.” मूल वही समोर उघडून गप्प बसते. त्यात काहीच लिहीत नाही! उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. त्याने वही रिकामी ठेवली. मुलाने आज्ञा पाळली, तरी ते चुकले. ‘दप्तर’ शब्दाचेही तसेच. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत मुलांच्या पाठीवरचे ओझे. शब्द एकाच घरातून निघाले आणि दोन गावी जाऊन राहिले.

उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत तिसरे नपुंसकलिंग आहे. म्हणून आपली मुले ‘पाणी आले’ऐवजी ‘पाणी आला’ म्हणतात. उर्दूत ‘ळ’ नाही, म्हणून शाळेची ‘शाला’ होते. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत, हे तर कोणी सांगितल्याशिवाय कानाला कळत नाही. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून; लहान मूल मराठीची वहीही उलट्या बाजूने उघडते.

ज्याची मातृभाषा मराठी आहे, त्याला यातले काही अडखळण्यासारखे वाटत नाही. तो म्हणेल, “मराठीत असेच म्हणतात.” हे खरे आहे, पण मुलाला त्याचा उपयोग नाही. मूल कोठे अडखळेल हे आधी ओळखणे आणि तेथे आपण आधीच उभे राहणे, हे शिक्षकाच्या तयारीचे मर्म आहे. ज्याने स्वतः मराठी दुसरी भाषा म्हणून शिकली, त्याला या जागा ठाऊक असतात. म्हणूनच मला वाटते की, उर्दू शाळेतला मराठीचा उत्तम शिक्षक उर्दू शाळेतूनच घडू शकतो.

तयारीचा हा विचार आपल्याकडे जुना आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. तेथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. १८५६ साली त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. तेथून जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी फातिमा या सहकारिणीची आठवण काढली आहे. आपल्या मागे तिला त्रास पडत असेल, ही काळजी त्या पत्रात दिसते. एक शिक्षिका दूर असली तर काम सांभाळणारी दुसरी हवी, ही गरज तेव्हाही होती.

आज बारावीनंतर दोन वर्षांची शिक्षणशास्त्र पदविका घेता येते. पदवीनंतर बी.एड. करता येते. पूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. दुसऱ्या वर्षी १६ आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करावे लागते. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही असते. तिच्या १५० गुणांपैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे असतात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे. तेव्हा मराठी शिकवणारी माणसे सर्व माध्यमांच्या शाळांना लागणारच. त्यांतील काही आज तुमच्याच बाकावर बसली असतील.

वाट पाहायची गरज नाही. आज घरी गेल्यावर धाकट्या भावाला किंवा बहिणीला ‘ळ’ शिकवून पाहा. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि झटकन पुढे आणायचे. ‘बाळ’, ‘फळा’, ‘शाळा’ म्हणून घ्या. ते कोणत्या शब्दाला अडले, हे एका कागदावर लिहून ठेवा आणि उद्या त्याच शब्दापासून सुरुवात करा.