ब्रेक दाबताच गाडी का थरथरते?

पूर्वी गावात मोटार आली, की पोरे तिच्यामागे धावत. आता आपल्या जालना जिल्ह्यात गावोगावी मोटारी दिसतात. कोणी मोसंबी बाजारात नेतो. कोणी आजारी माणसाला दवाखान्यात नेतो. समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यातून गेला आहे. मुंबई ते नागपूर असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. त्यावर सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे.

गावच्या खडबडीत रस्त्यावर गाडी मुळातच हादरते. त्यामुळे तेथे ब्रेकमधला दोष ध्यानात येत नाही. गुळगुळीत रस्त्यावर वेगात असताना ब्रेक दाबला, की तोच दोष उघडा पडतो. स्टेअरिंग हातात थरथरू लागते. असे झाले तर काय करावे? चला, पाहू या.

ब्रेक कसा लागतो?

बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. डिस्क म्हणजे लोखंडी तबकडी. ती चाकाबरोबर फिरते. आपण पेडल दाबले, की दोन बाजूंचे दोन पॅड तिला चिमटीत धरतात. घासण्याने वेग कमी होतो आणि डिस्क तापते. वेग दुप्पट असेल, तर गाडी थांबवताना उष्णता चौपट होते. मागच्या चाकांना पुष्कळदा ड्रम असतो. ड्रम म्हणजे लोखंडी डबाच. त्याला आतून लायनर घासतात.

चाकू-सुरीला धार लावणाऱ्याचे फिरते चाक तुम्ही पाहिले असेल. ते चाक एकसारखे असले, तर सुरी हातात स्थिर राहते. चाकावर उंचवटा असला, तर दर फेऱ्याला हाताला हिसका बसतो. डिस्कचेही असेच आहे. ती कोठे जाड, कोठे पातळ झाली, की दर फेऱ्याला पॅड मागेपुढे होतात. हाच हिसका स्टेअरिंगपर्यंत पोचतो. केसाच्या जाडीहून कमी फरकसुद्धा याला पुरतो. लोक म्हणतात, “डिस्क वाकली.” पण बहुधा ती वाकलेली नसते. ती कमी-जास्त झिजलेली असते, नाहीतर तिच्यावर पॅडचा थर किंवा गंज बसलेला असतो.

आधी दोष ओळखा

ब्रेक न दाबताही ठराविक वेगाला गाडी थरथरते काय? मग टायर, रिम आणि चाकाचे बॅलन्सिंग तपासून घ्या.

फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरते काय? मग ब्रेककडे पाहा. स्टेअरिंग थरथरले, तर दोष बहुधा पुढे असतो. बैठक थरथरली, तर बहुधा मागे असतो. सांध्यांचे बॉल जॉइंट सैल असले, तर थरथर आणखी वाढते. म्हणून तेही हलवून पाहावे.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘एबीएस’ असलेल्या गाडीत एकदम जोराने ब्रेक दाबला, की पेडल पायाखाली धडधडते. तो दोष नव्हे. तेव्हा पाय उचलू नका.

पेडल खोल जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा ब्रेकचे तेल गळत असेल, तर गाडी चालवूच नका. मिस्त्रीला जागेवर बोलवा.

एका शेतकऱ्याची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने जुनी मोटार घेतली. ती ब्रेक दाबताच थरथरे. कोणी म्हणाले, टायर बदला. त्याने बदलले. कोणी म्हणाले, सांधे बदला. तेही बदलले. पैसे गेले, थरथर राहिली. शेवटी एका जाणत्या मिस्त्रीने विचारले, “दादा, मध्यंतरी पंक्चर काढलं होतं का?” खरेच, काढले होते. तेव्हा चाकाचे नट पान्यावर उभे राहून, कसेही आवळले होते. एक नट फार घट्ट, दुसरा सैल. त्यामुळे डिस्क किंचित तिरपी बसली आणि फिरता फिरता कमी-जास्त झिजली. दोष एकच होता, पण तो न शोधता खर्च तीनदा झाला.

दुरुस्ती

हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पण त्याच्या शेजारी उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्या.

१. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही तिच्याखाली शिरू नये. खाली पक्का आधार द्यावा आणि दुसऱ्या चाकांना दगड लावावे.

२. डिस्कची जाडी अनेक ठिकाणी मोजावी. कमीत कमी किती जाडी हवी, ते बहुधा डिस्कवरच कोरलेले असते. जाडी पुरेशी असेल, तर डिस्क लेथवर सारखी करता येते. जाडी कमी असेल, तर डिस्क बदलावी. डाव्या-उजव्या दोन्ही डिस्क एकदम बदलाव्या. पॅडही नवे घालावे.

३. डिस्क जेथे बसते, ती हबची जागा गंज काढून स्वच्छ करावी. खडा राहिला, तर नवी डिस्कही तिरपी बसते.

४. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावे. शेवटी गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तितकेच घट्ट करावे.

५. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक दाबावा. मध्ये डिस्क थोडी निवू द्यावी.

पुढे काळजीही घ्यावी. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतू नये. उतारावर सतत ब्रेक दाबून न ठेवता खालचा गिअर घालावा.

मंडळी, बैल लंगडू लागला, तर आपण त्याला तसाच जुंपत नाही. आधी खूर उचलून पाहतो. गाडीचेही तसेच करावे. गाडीत आपली बायकामुले बसतात, आणि रस्त्यावर दुसऱ्यांचीही असतात.

प्रश्न

१. वेग दुप्पट झाला, तर थांबवताना उष्णता किती पट होते?
२. बैठक थरथरली, तर दोष बहुधा कोठे असतो?
३. चाकाचे नट कसे आवळावे?